कार्डबाईंच्या फाटकावर

तुमच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड या क्षणी कुठे आहे, सांगता येईल? कपाटात असेल, कुठल्यातरी पिशवीत असेल, फ्रिजवरच्या डब्याखाली असेल, असली उत्तरं नकोत. नेमकी जागा सांगा. आणि त्यावरची शेवटची तारीख? बघा, गडबडलात. मीही गडबडले होते, म्हणून तर इतक्या हक्काने विचारतेय. पंधरा वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी भांडतेय मी. कायदा वाचायला कुणी शिकवलं नाही, रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणून स्वतः वाचला. माझा आवाज जिन्यात ऐकू आला की नगरपालिकेतला आरोग्य अधिकारी मागच्या दाराने निघून जातो, हे त्याच्याच शिपायाने मला सांगितलंय. अशा मला एका बाईने फाटकाबाहेर उभं केलं आणि दोन शब्दांत गप्प केलं.

त्या बाईंना सगळे कार्डबाई म्हणतात. त्यांचा नवरासुद्धा.

गॅरेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि घरालाच लागून कुत्र्यांचं वसतिगृह. अंगणाच्या दोन बाजूंना सहा-सहा खोल्या, प्रत्येक खोलीला जाळीचं दार, दारावर पाटी आणि पाटीवर खडूने पाहुण्याचं नाव, जेवायची वेळ, सवयी. 'झाडूला घाबरतो.' 'पाणी दिल्यावर भांडं उलटं करते, रागवू नये.' सगळं अंगण सिमेंटचं, आणि सकाळी नवाच्या आत ते ब्लीचच्या पाण्याने दोनदा धुतलेलं. झाडं आहेत, पण ती भिंतीवर टांगलेल्या डब्यांत. जमिनीत एकही नाही. फाटकाच्या आत शाळेतलं एक जुनं टेबल, त्यावर भिंग, चष्मा आणि शाईचा शिक्का. गावाला निघालेली माणसं आपला कुत्रा घेऊन येतात, बाहेर रिक्षा थांबलेली असते, पोरं रडत असतात आणि कार्डबाई फाटक न उघडता हात पुढे करतात.

"कार्ड."

नमस्कार नाही, या-बसा नाही. आधी कार्ड.

फोटो चालत नाही. झेरॉक्स चालत नाही. "डॉक्टर आमच्या ओळखीचे आहेत" हे तर मुळीच चालत नाही. रेबीजची सुई हवी, पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांवरची एकत्र सुई हवी, खोकल्याचं औषध नाकात गेलेलं हवं, आणि सुया पहिल्यांदाच टोचल्या असतील तर टोचून एकवीस दिवस उलटलेले हवेत. "सुई टोचली की लगेच कवच चढत नाही. अंगाला शिकायला वेळ लागतो. तुम्हाला सायकल एका दिवसात आली होती का?" हे त्या रोज तीन वेळा तरी म्हणतात.

ही नजर आली कुठून? बाई बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या लसीकरणाच्या खोलीत आया होत्या. बाळाचा दंड धरायचा, आईला धीर द्यायचा आणि कार्ड तपासायचं. बावीस वर्षांत किती आईबापांनी त्यांना "मागचा डोस झालाय हो" असं डोळ्यांत डोळे घालून खोटं सांगितलं असेल! त्यामुळे आता एखादं कार्ड हातात आलं की त्या आधी शाई बघतात. एकदा एक सूटबूटवाले गृहस्थ तीन वर्षांच्या नोंदी असलेलं कार्ड घेऊन आले. बाईंनी भिंग लावलं आणि म्हणाल्या, "तीन वर्षं एकच पेन, साहेब? पुरवून वापरता हो. आणि प्रत्येक वेळी अक्षरातली घाईसुद्धा तेवढीच?" गृहस्थ कुत्र्यासकट रिक्षात.

मी हे किस्से ऐकून होते आणि सरळ सांगायचं तर मला ही बाई आवडत नसे. मला वाटायचं, ही नियमांची गुलाम. मुकी जनावरं हिच्या लेखी कागदाला चिकटलेली असतात.

मग माझ्यावर वेळ आली.

माझी थोरली बहीण दुसऱ्या गावी एकटी राहते. मणक्याचं ऑपरेशन करायचं म्हणून आठ महिने ती तारखेची वाट बघत होती. दोन वेळा तारीख मिळून रद्द झाली. तिसऱ्यांदा मिळाली तेव्हा तिचा फोन आला. "तू येणार असशील तरच मी टेबलावर चढते. नाहीतर राहू दे, अशीच वाकडी जगेन."

"येते ग बाई. कधी?"

"गुरुवारी भरती व्हायचंय. दहा दिवस धर."

त्या दिवशी रविवार होता. माझ्या घरी मी आणि साहेब, दोघंच. साहेब म्हणजे माझा कुत्रा. दीड वर्षापूर्वी मोडक्या पायाने आला, पायरीवर बसला आणि असा काही बघत राहिला की जणू मीच त्याच्याकडे अर्ज घेऊन आले होते. म्हणून साहेब. आमच्या ताईला कुत्र्याच्या केसांनी दमा होतो, तेव्हा बरोबर नेणं शक्य नव्हतं. शेजारी ठेवावा, तर शेजाऱ्यांशी माझी भांडणं. राहिल्या कार्डबाई.

साहेबाला आंघोळ घालून, ऐटीत गुलाबी कार्ड घेऊन मी फाटकावर गेले. कार्ड आमच्याच शिबिराचं होतं. दोन महिन्यांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीत पार्वोने पिल्लं मरायला लागली, तेव्हा मी दात्यांच्या मागे लागून लसी मिळवल्या, एका तरुण डॉक्टरला धरून आणलं आणि रस्त्यावरच्या आणि घरच्या मिळून एक्केचाळीस कुत्र्यांना एका दिवसात रेबीज आणि एकत्र अशा दोन्ही सुया दिल्या. पाठीवर हिरवा रंग लावून खूण केली. त्यातच साहेब होता. पायाच्या उपचारांत त्याची लस मागे पडली होती, ती तिथे उरकली.

कार्डबाईंनी कार्ड घेतलं, चष्मा चढवला, भिंग धरलं.

"खोकल्याचं दवाखान्यातून घेतलंय. बरोबर. पण या दोन सुयांची स्टिकरं कुठे आहेत?"

प्रत्येक लसीच्या कुपीवर सोलता येणारी दोन छोटी स्टिकरं असतात. त्यावर बॅचचा नंबर. डॉक्टर सुई टोचतात आणि कुपीवरचं एक स्टिकर सोलून कार्डावर लावतात, दुसरं रजिस्टरमध्ये. साहेबाच्या कार्डावर माझ्या ठसठशीत अक्षरात तारीख होती, लसींची नावं होती आणि स्टिकरच्या दोन चौकटी कोऱ्या होत्या.

"पडली असतील," मी म्हटलं.

"पडली तरी डिंकाचा डाग राहतो. इथे कागद कोरा आहे."

"तारीख माझ्या हातची आहे. मी लिहिलीय."

"तुम्ही लिहिलीत हो. टोचली कुणी?"

माझा पारा चढला. "बाई, मी कोण आहे माहितीय का? अख्ख्या भागातल्या कुत्र्यांना लसी मी दिल्यात. तुमच्या या बारा खोल्या बांधायच्या आधीपासून देतेय!"

"म्हणूनच मला नवल वाटतंय."

"आणि तो?" मी जाळीपलीकडे बोट दाखवलं. पहिल्या खोलीत एक म्हातारा, पांढऱ्या भुवयांचा कुत्रा गादीवर पडून होता. पाटीवर लिहिलेलं, 'आजोबा. हळू बोलावे.' "त्याच्या यंदाच्या लसी झालेल्या नाहीत. मला माहितीय, तो शाळेतल्या बाईंचा कुत्रा आहे. त्याला आत, आणि माझ्याला बाहेर?"

कार्डबाईंनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला आणि जाळीला टेकवून धरला. "डॉक्टरांचं पत्र. रक्ताच्या आजारावर गोळ्या चालू आहेत, लस देता येत नाही. मालकीणबाई दवाखान्यात आहेत. तो या बाकीच्या अकरा जणांच्या कार्डांवर जगतोय. आता सांगा, तुमच्या साहेबाला आत घेऊ?"

मी ओरडले. "मी तुमच्या फाटकासमोर धरणं धरेन! शंभर माणसं आणेन!"

"आणा. येताना लस घेऊन या."

आतून कुणीतरी खुदकन हसलं. बाईंचे यजमान. निवृत्त बस कंडक्टर, पायजम्यावर टॉवेल, हातात कुत्र्यांची भांडी. "ताई," ते म्हणाले, "अडतीस वर्षं तिकीट-तिकीट करत होतो, पण एखाद्या म्हातारीला मी तसंच सोडायचो. ही मलासुद्धा सोडत नाही."

"तुम्ही भांडी घासा," कार्डबाई म्हणाल्या.

मी तडक घरी गेले. शिबिराचं रजिस्टर काढून त्या बाईच्या तोंडावर मारायचं, एवढंच डोक्यात होतं. रजिस्टरमध्ये प्रत्येक कुत्र्याची एक ओळ, ओळीच्या शेवटी दोन कुप्यांची दोन स्टिकरं. तिथे साहेबाची स्टिकरं असणारच. कार्डावर लावायची राहिली असतील, रजिस्टरवर लावलीच असतील.

रजिस्टर काखेत मारून परत गेले. फाटकापाशी उघडलं, आणि त्यांच्यासमोरच ओळीवर बोट ठेवलं. सतरा नंबर. साहेब. तपकिरी, डावा मागचा पाय अधू. हिरवी खूण झाली, बरोबर. स्टिकरच्या जागी काही नाही.

कार्डबाईंनी चष्मा चढवला. त्यांनी फाटकातून हात बाहेर घालून पान उलटलं. मग दुसरं. अठ्ठावीस नंबर, कोरं. तेहतीस नंबर, कोरं.

"तीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही खूण आधी करता की सुई आधी?"

"खूण आधी. टोचल्यावर कुठला कुत्रा रंगायला थांबतो? पळतो ना."

"आणि रंगवल्यावर टोचायच्या आत पळाला तर?"

तेव्हा मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. साहेबाला मी दोन गुडघ्यांत धरलं होतं, पाठीवर रंग लावला होता, कार्डावर तारीख आधीच लिहून ठेवली होती, डॉक्टर सुई भरत होता. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या माणसाने गॅलरीतून बादलीभर पाणी ओतलं. कुत्र्यांची गर्दी हटवायला. माझं डोकं फिरलं. मी साहेबाला सोडलं आणि जिना चढून वर गेले त्याच्याशी भांडायला. साहेबही माझ्यामागे वर आला, तिथे दारात उभा राहून भुंकत होता, मला अभिमानसुद्धा वाटला होता त्याचा. दहा मिनिटांनी खाली आले तेव्हा डॉक्टरच्या हातात दुसराच कुत्रा होता. साहेबाची पाठ हिरवी दिसत होती. झालं ह्याचं, म्हणून मी त्याला घरी घेऊन गेले.

आधी खूण करायची, ही पद्धत माझीच होती. डॉक्टरने तेव्हा विचारलं होतं, "उलटं नको का करायला?" मी त्याला म्हटलं होतं, "तू पुस्तकातला डॉक्टर, मी रस्त्यावरची."

आता मी फाटकाबाहेर पायरीवर बसले. कार्डबाईंनी आतून पाण्याचा तांब्या दिला. फाटक नाही उघडलं.

"चार दिवस आहेत हो माझ्याकडे," मी म्हटलं. "ताईचं ऑपरेशन आहे. मी गेले नाही तर ती करून घेणार नाही."

"आज सुया देऊन घ्या."

"आणि एकवीस दिवस?"

"ते मला कमी करता येत नाहीत."

मग त्यांनी, उभ्या उभ्याच, या सिमेंटच्या अंगणाची गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वी इथे सगळी माती होती. बाईंनी गुलाब लावले होते, मोगरा होता, कुत्री मातीत लोळायची. एक नवरी मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी पिल्लू घेऊन आली. कार्ड गावाकडे राहिलं म्हणाली आणि रडायला लागली. बाईंनी आत घेतलं. तिसऱ्या दिवशी पिल्लाला रक्ताची हगवण लागली. पार्वो. पिल्लू गेलं, आणि वय झालेल्या, लसीची मुदत उलटलेल्या दोन कुत्र्याही गेल्या. "त्या दोघींच्या घरी मी स्वतः सांगायला गेले. एका घरी चहा दिला मला. तो चहा प्यायला फार अवघड गेला." पार्वो मातीत वर्षभर राहतो, म्हणून सगळी माती खणून काढली, गुलाब उपटले, सिमेंट घातलं, आणि सहा महिने एकही पाहुणा घेतला नाही.

"मी त्या मुलीला दोष देत नाही," बाई म्हणाल्या. "फाटक मी उघडलं होतं."

संध्याकाळच्या आत मी शिबिरातल्या त्याच डॉक्टरकडून साहेबाला दोन्ही सुया देऊन घेतल्या. या वेळी स्टिकर चिकटेपर्यंत डॉक्टरचा हात सोडला नाही. तो बिचारा हसू दाबत होता.

पण गुरुवार जवळ येत होता. सोमवारी कुणीतरी सांगितलं, बायपासवर एक नवीन जागा निघालीय, तिथे काही विचारत नाहीत. फोन केला. पलीकडचा माणूस भलताच गोड. "कार्डबिर्ड काही नको मॅडम, फक्त कुत्रा आणा. आमच्याकडे सगळे प्रेमाने राहतात."

साहेबाला घेऊन गेले. फाटक सताड उघडं, हिरवळ, रंगीत बाकडी, मालक हसतमुख. मला क्षणभर वाटलं, सुटले. मग हिरवळीच्या कडेला एक काळा कुत्रा दिसला. डोळ्यांना चिपडं, नाक वाहतंय, घसा खरवडून खोकतोय.

"हा काय खोकतोय?"

"गवत अडकलं असेल."

"याचं कार्ड बघितलंत?"

"नाही हो मॅडम. आम्ही कुणाचंच बघत नाही. तुमचं तरी कुठे बघितलं?"

त्याने हे मला खूश करायला म्हटलं होतं. मी साहेबाचा पट्टा गुंडाळला आणि तिथूनच मागे फिरले. रिक्षात साहेब माझ्याकडे बघत राहिला. "काय बघतोस?" मी म्हटलं. "मला सगळं कळतं. उशिरा कळतं, एवढंच."

घरी येऊन ताईला फोन लावणार होते. काय सांगणार होते कोण जाणे. जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं तर कार्डबाईंचे यजमान. हातात जुनी कंडक्टरची चामडी पिशवी, बगलेत उशी.

"हिने पाठवलंय," ते म्हणाले. "कुत्र्याला तिकडे येता येत नाही ना? मग मी इकडे आलो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही परत येईपर्यंत मी तुमच्याकडे राहीन. साहेबाचं खाणंपिणं, फिरणं सगळं बघेन. ही म्हणाली, नियम कुत्र्यांना आहे, नवऱ्याला नाही. तशा माझ्या सगळ्या लसी झालेल्या आहेत. कार्ड दाखवू?"

आणि त्या माणसाने खरोखरच पिशवीतून स्वतःचं कार्ड काढलं. धनुर्वात, कावीळ आणि रेबीजसुद्धा. सगळी स्टिकरं जागच्या जागी.

"पण तिकडे बाईंना एकटीला बारा कुत्री..."

"ते तिला विचारा, मला हिंमत नाही. आणि हो, इतके दिवस मला स्वतःच्या घरी बंदी आहे. परत जाताना चपला तुमच्याकडेच टाकायच्या, कपडे उकळायचे आणि फाटकाबाहेर पाय धुवायचे. तेवढे दिवस माझं ताट जाळीवरून मिळेल म्हणाली, पण मी म्हटलं, नको, तुमच्याकडे शेगडी असेलच." ते खुर्चीत ऐसपैस बसले. साहेब त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून मोकळा झाला. "लग्नाच्या तीस वर्षांत पहिली रजा मिळतेय हो. तुम्ही निवांत जा. लवकर येऊ नका."

मंगळवारी आणि बुधवारी मला निवांतपणा नव्हताच. साहेबाची सोय झाली, पण अठ्ठावीस आणि तेहतीस नंबरचे ते दोघे रस्त्यावरच होते, आणि पाठीवरचा हिरवा रंग दीड महिन्यापूर्वीच धुऊन गेला होता. रजिस्टरात लिहिलेलं, 'पांढरा, काळा कान' आणि 'तपकिरी'. आमच्या गल्लीत पांढरे काळ्या कानाचे पाच आहेत आणि तपकिरी तर मोजूच नका. तेव्हा त्या रंगांच्या सगळ्यांना पुन्हा टोचायचं ठरलं. डॉक्टर म्हणाला, एखादा डोस जास्त झाल्याने बिघडणार नाही, एक चुकला तर बिघडेल.

टोचणं सोपं होतं. घरोघर जाऊन "माझ्याकडून चूक झालीय, तुमचा गेटवरचा कुत्रा परत धरायचाय" हे म्हणणं अवघड. पंधरा वर्षांत हे वाक्य मी कधी वापरलेलं नव्हतं, तोंडाला वळणच नव्हतं त्याचं. पहिल्या मजल्यावरच्या त्या बादलीवाल्याकडेसुद्धा गेले. त्याने दार उघडलं आणि मला बघून अर्धं लावलं.

"भांडायला नाही आले," मी म्हटलं. सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी पाणी ओतलं आणि तुमच्याच कुत्र्याची लस राहिली?"

"मी वर आले म्हणून राहिली."

त्याने दार पूर्ण उघडलं. "काळ्या कानाचा एक आमच्या जिन्याखाली झोपतो," तो म्हणाला. "माझ्या हातची पोळी खातो. धरून देऊ का?" त्यानेच धरून दिला. आधी सुई, मग स्टिकर, मग रंग. रंगायला तो थांबला नाही, हे खरं. पण बादलीवाल्याने पोळी पुढे केली तेव्हा थांबला. इतकं सोपं होतं.

ताईचं ऑपरेशन नीट झालं. टेबलावर चढायच्या आधी तिने विचारलं, "कुत्र्याकडे कोण आहे?" मी म्हटलं, "एक कंडक्टर." तिला वाटलं, मी तिला हसवायला बोलतेय. हसतच आत गेली. आता सरळ चालते आणि फोनवर वाकड्यात बोलते, म्हणजे तब्येत उत्तम.

परत आले तेव्हा घरात कपबशा मांडलेल्या, साहेबाचं वजन वाढलेलं, आणि कंडक्टर माझ्या खुर्चीतून उठायला तयार नाहीत. "अजून दोन दिवस राहू का?" म्हणाले. शेवटी कार्डबाईंचा फोन आला तेव्हा निघाले. चपला माझ्याकडेच टाकून, अनवाणी.

बाविसाव्या दिवशी मी साहेबाला घेऊन फाटकावर गेले. कुठे जायचं नव्हतं, ठेवायचं नव्हतं. नुसतं जायचं होतं. कार्डबाईंनी हात पुढे केला. मी कार्ड दिलं. त्यांनी भिंग लावलं, स्टिकरवर नख फिरवून बघितलं, तारखेपासून बोटांवर दिवस मोजले. आजोबा जाळीतून मान वर करून बघत होते.

मग कडी वाजली. फाटक उघडलं.

"या," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. पुढच्या वर्षीची तारीख तेवढी भिंतीवर लिहून ठेवा, तुमचा भरवसा नाही."

लिहिलीय. स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, दुधाच्या हिशोबाशेजारी.

आता तुमचं. गावाला जायच्या आदल्या दिवशी नको, आजच. हा कागद खाली ठेवा, उठा, ते कार्ड शोधून काढा आणि स्टिकरवर बोट ठेवून शेवटची तारीख घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचा. बोटाखाली स्टिकर नसेल, तर मला शिव्या देत का होईना, कुत्र्याला घेऊन डॉक्टरकडे जा.